वाटीभर भाजी

मुलीला बंगळुरूला नोकरी लागली आणि जाताना ती तिचे दोन गिनीपिग माझ्या गळ्यात घालून गेली. तिच्या नव्या घरमालकाला घरात जनावर चालत नव्हतं. मला चालतं का, हे कुणी विचारलं नाही. बारामतीत आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पिंजरा मांडला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मी उंदीर पाळलेत की ससे, यावर सोसायटीत चर्चा सुरू झाली. दोन्ही माद्या. मुलीने त्यांना काहीतरी इंग्रजी नावं ठेवली होती. मी एकीला तांबडी म्हणायचे, दुसरीला कबरी.

मुलीने जाण्याआधी माझी रीतसर शिकवणी घेतली. पिंजऱ्यात दिवसभर वाळलं गवत हवं, तेच खरं जेवण. ताजी भाजी एकीला दिवसाला मोठी वाटीभर, बस. त्यात रोज ढोबळी मिरचीचा तुकडा असलाच पाहिजे, कारण माणसासारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. कोथिंबीर चालेल, काकडी चालेल, गाजर कधीतरी. कोबी जवळजवळ नाहीच, पोट फुगतं. कांदा, बटाटा तर पिंजऱ्याच्या जवळपासही नको. मी सगळं लिहून घेतलं. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय चालतं नि काय नाही, हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

दोघी मोठ्या आगाऊ होत्या. फ्रीजचं दार उघडल्याचा किंवा पिशवी चुरगळल्याचा आवाज आला की शिट्टी मारल्यासारख्या ओरडायच्या. वाटी संपली की पुन्हा ओरडायच्या. मी मात्र एक पान जास्त देत नसे. मायाळू म्हणून माझी ख्याती कधीच नव्हती, त्यामुळे ते जमून गेलं.

अडचण आली ती कचेरीने मला सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा. नवरा म्हणाला, त्याला केसांची अ‍ॅलर्जी आहे. ही अ‍ॅलर्जी त्याला त्याच दिवशी झाली. मग मी पिंजरा गाडीत घातला आणि इंदापूर तालुक्यात निरवांगीला तात्यांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे नेऊन ठेवला.

तात्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. आई गेल्यापासून एकटेच राहतात, पण शेती सोडलेली नाही. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि तात्यांचं लहानपणही कळपामागे फिरण्यातच गेलं. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, आणि आता त्यांच्या रानात शेडनेटमध्ये ढोबळी मिरची असते, बाहेर कोबी आणि फ्लॉवर. म्हणजे ज्या घरात भाजी क्रेटने मोजतात, तिथे मी वाटी घेऊन गेले होते.

तात्यांनी वाटी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्ये एका टायमाचं का?"

"दिवसाचं," मी म्हटलं. "एकीला एक वाटी. बाकी गवत."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मला एवढंच विचारलं, की शहरात भाजी इतकी महागली का. मी मुलीची यादी त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवली आणि निघाले.

रोज संध्याकाळी फोन करायचे. तात्या खुशीत असायचे. कोण कोण बघायला येऊन गेलं, ते सांगायचे. एकाने म्हणे याचं शेपूट कुठं पडलं म्हणून विचारलं. दोघी कशा आहेत म्हटलं की उत्तर एकच, "खात्यात की." वाटीचं माप पाळलं जातंय ना, अशी शंका चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात आली, पण समोर भोजनोत्तर व्याख्यान चालू होतं आणि मीही त्यात झोपले होते.

सहाव्या दिवशी सकाळी तात्यांचाच फोन आला. तांबडी कोपऱ्यात बसून आहे, म्हणाले, तोंडाला काही लावत नाही. मी समारोप सोडून थेट निरवांगी गाठली.

पिंजऱ्यात कोबीचा बाहेरचा पाला पसरलेला होता. फ्लॉवरचे दांडे, अख्ख्या ढोबळ्या मिरच्या, आणि वर गाजरं. आमच्या लग्नात एवढं रुखवत नव्हतं. कबरी त्यातच लोळत खात होती. तांबडी मात्र अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. मी उचलली तर पोट चेंडूसारखं टणक लागलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं. पोटावर दोन बोटांनी हलकंच टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"फुगलीया," ते म्हणाले. "मेंढरागत."

त्यांना ओवा घालून तेल पाजायचं होतं, मेंढरांना पाजायचे तसं. मी पाजू दिलं नाही. टोपलीत टॉवेल अंथरून तांबडीला ठेवलं आणि आम्ही इंदापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या आधी एक म्हैस होती. डॉक्टर म्हशीचं आटोपून आले, टोपलीत बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की असलं जनावर त्यांनी पुस्तकातच पाहिलंय. मग त्यांनी पुण्यातल्या त्यांच्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती लहान प्राण्यांवरच उपचार करते. फोनवर ती विचारत गेली, डॉक्टर तपासत गेले. शेवटी सुई नसलेल्या सिरिंजने गॅसचं औषध थेंबथेंब पाजायचं ठरलं. तेल अजिबात नको, नाकात गेलं तर संपलंच. हिरवं सगळं बंद. वाळलं गवत पुढ्यात ठेवायचं, खाल्लं नाही तर भिजवून भरवायचं, आणि लेंडी पडते का यावर लक्ष ठेवायचं.

घरी येऊन आम्ही बाप-लेक ओसरीत लेंडीची वाट बघत बसलो. कुणी पाहुणा आला असता तर काय सांगितलं असतं, माहीत नाही.

मला राग धरवेना. "तात्या, तुमाला तर मेंढरांचं समदं ठावं हाय," मी म्हटलं. "मग कोबी का घातला?"

"आठ वर्साचा हुतो तवापासनं ठावं हाय," ते म्हणाले. "सकाळच्या वल्ल्या लसूणघासात मेंढरू सोडायचं न्हाय, फुगतं. आदी वाळलं खाऊ द्यायचं." त्यांनी टोपलीतला टॉवेल सारखा केला. "पर ही मेंढरं न्हवती. नातीची पाव्हणी. पाव्हण्याला वाटीनं मापून वाढत्यात व्हय?"

मी उठून चहा टाकला.

उन्हं कलताना तांबडीने गवताची एक काडी ओढली. मग दुसरी. पाच वाजता तीन बारीक, वाळक्या लेंड्या पडल्या. तात्यांनी त्या तळहातावर घेतल्या, नीट निरखल्या आणि मला दाखवल्या. माझा दहावीचा निकालही त्यांनी इतक्या कौतुकाने पाहिला नव्हता.

पोट पूर्ण उतरायला तीन दिवस लागले. मी कचेरीत रजा टाकली. मुलीला सगळं झाल्यावरच सांगितलं. ती माझ्यावर चिडली, आजोबांवर नाही.

पिंजरा परत न्यायला निघाले तर तात्या म्हणाले, राहू दे, तुझ्या बाल्कनीत ऊन लागतं. म्हणून दोघी अजून निरवांगीलाच आहेत. तात्या बिनफवारणीच्या बांधावरचं गवत कापून पत्र्याखाली वाळवतात आणि मोठी वाटी भरून, सपाट करून भाजी घालतात. दिवाळीत मुलगी आली आणि लाडात येऊन कोबीचं एक पान पिंजऱ्यात टाकायला गेली. तात्यांनी तिचा हात धरला आणि अर्धा तास तिला वाळलं किती, हिरवं किती, ते समजावून सांगितलं. हे सगळं त्यांनी स्वतःच शोधून काढलंय, अशा थाटात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चकली खात राहिले.