निवळीची वाटी

माझा राग गुरांच्या दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरपासून सुरू झाला, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. टेबलावर ठेवलेल्या टोपलीत डोकावून तो फिदीफिदी हसला होता. "मॅडम, हे उंदीर हाय का ससा? इथं बैल-म्हशी बघतेत. याला मांजरापुढं सोडा, बिमारीच जाईल." बाकावर बसलेले चार जणही हसले. मी टोपली उचलली आणि त्याला असं काही सुनावलं की त्याचं हसू जागच्या जागी जिरलं. त्या हसण्याची मला चीड आली ती आलीच, तिच्याबद्दल आजही पश्चात्ताप नाही. पण त्याच्या आधी पंधरा दिवस मी घरातल्या एका माणसाला याहून वाईट बोलून बसले होते, आणि ते मात्र मी कुणाला सांगत नसे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता, नामांतर व्हायचं होतं, त्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा लोकोशेडमध्ये, मी शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाई गेल्यावर मामा, म्हणजे माझे सासरे, ताडकळसहून आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म शेतात गेलेल्या माणसाला दोन खोल्यांत करमायचं कसं? ते दिवसभर ओट्यावर बसून इंजिनं मोजायचे. अशात नवऱ्याच्या एका दोस्तानं परभणीहून बिस्किटांच्या खोक्यात घालून एक गिनीपिग आणली. तो तिथल्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. प्रयोग संपला, उरलेली जनावरं नकोशी झाली, म्हणून त्यानं एक वाचवलं. तपकिरी-पांढरी, एक कान फाटलेली मादी.

"सूनबाई, याला डुक्कर म्हंत्यात व्हय?" मामा म्हणाले. "आमच्याकडलं डुक्कर पाह्यलं तर ही बाई भेवानंच मरंल." आणि ते हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

ती आली तेव्हा मागचे पाय ओढत चालायची. हाडं कच्ची आहेत, असं निदान मी करून टाकलं. आमच्याकडे तान्ह्या लेकराला दात यायला लागले की चुन्याची निवळी देतात. कळीचा चुना पाण्यात भिजवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. माझ्या आईनं मला दिली, मी माझ्या भाच्यांना दिली. शिवाय शाळेत तर दरवर्षी तीच बाटली माझ्या टेबलावर असायची. मुली नळीतून तिच्यात फुंकायच्या आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं की टाळ्या पिटायच्या. म्हणजे आजीबाईचा बटवाही माझ्या बाजूनं आणि विज्ञानही. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या पाण्याच्या वाटीत निवळी घालायला लागले.

महिन्याभरात ती चांगली दुडुदुडु पळायला लागली. माझी छाती फुगली. शिक्षकांच्या खोलीत मी ही कथा इतक्यांदा सांगितली की इतिहासाच्या बाई मला पाहिलं की वह्यांत तोंड घालायच्या. मामा तिला रोज कोथिंबिरीच्या काड्या, पेरूच्या फोडी आणि त्यांच्या चंचीतलं विड्याचं पान फाडून भरवायचे. ती त्यांच्या धोतराच्या घोळात बसून कुरूकुरू खायची. माझ्या लेखी ते म्हाताऱ्या माणसाचे लाड होते, औषध माझं होतं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात तिच्या खालचं फडकं ओलं न राहता चिकट राहायला लागलं. वाळलं की त्यावर पांढरी भुकटी दिसायची. नंतर त्यात गुलाबी डाग आले. आणि मग ती ओरडायला लागली. लघवीला बसली की पाठीचं कुबड करायची, थरथरायची आणि बारीक, लांबलचक, एकसुरी किंचाळायची. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज येतो कुठून, असं वाटायचं. शेजारच्या क्वार्टरमधली माणसं विचारायची, "काय वाजायलंय तुमच्याकडं?" त्या विचारण्याचाही मला संताप यायचा.

औषधपाण्याला घरात फारशी सोय नव्हती. नवऱ्याच्या पगारात धाकट्या दिराची कॉलेजची फी होती, माझ्या पगारात घर. तेव्हा जे हाताशी होतं ते केलं. जुनी बनियनं आणि परकर फाडून फडकी केली, ती दर दोन तासांनी बदलायची. कोमट पाण्यानं तिचं अंग शेकायचं, पुसून कोरडं करायचं. शाईच्या ड्रॉपरनं तोंडात पाणी सोडायचं. मामा रुळांकडेनं फिरून सराटे वेचून आणायचे. त्यांचा काढा लघवी मोकळी करतो म्हणून तोही पाजला. आणि मी, ती अशक्त होतेय असं वाटून, निवळी वाढवली.

एके दिवशी शाळेतून आले तर ती फडक्यावर रक्ताच्या डागात बसून किंचाळत होती, आणि मामा तिच्यापुढे बसून विड्याचं पान तिच्या तोंडाशी धरत होते. माझ्या डोक्यात सणक गेली. ओट्यावर नवऱ्याबरोबरचे दोघे जण चहा पीत बसले होते, त्यांच्यादेखत मी ओरडले, "मामा, चुन्या-तंबाखूच्या हातानं विष घालताय तिला! ताडकळसला चालत असेल असलं. माझ्या घरात नाही चालणार!"

माझ्या घरात. हे शब्द मीच बोलले, आणि तेव्हा ते मला अगदी योग्य वाटले होते.

मामांनी पान खाली ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून म्हणाले, "तूर काढायला आलीय. थोरल्या पोराला येकट्याला व्हनार न्हाई." नवरा माझ्याशी चार दिवस बोलला नाही. मीही बोलले नाही. मला वाटत होतं, आता तरी ती बरी होईल.

ती झपाट्यानं बिघडली. काकडी पुढे केली तरी तोंड फिरवायची. पंधरा दिवसांनी मी तिला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले, आणि तिथं तो कंपाउंडर हसला. परत आल्यावर एक सहशिक्षक मला म्हणाले, "बाई, नामांतरावरून गावागावांत माणसांची घरं जाळली. त्यांच्यासाठी कुणाला एवढा राग आलेला दिसला नाही हो." ते स्वतः ज्या वस्तीतून आले होते, तिथलीच ही गोष्ट होती. मी त्यांच्यावरही चिडले, मनातल्या मनात. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच जास्त चिडले.

शेवटी नवऱ्याच्या पासावर पॅसेंजरनं परभणी गाठली. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मात्र तिला दोन्ही तळहातांत असं घेतलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. पोटाखाली बोटं फिरवून ते थांबले. "हात द्या तुमचा," म्हणाले, आणि माझी बोटं तिथं टेकवली. कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी कडक होतं.

"मुतखडा आहे. खायला-प्यायला काय देता?"

"लसूणघास, काकडी. आणि पाण्यात चुन्याची निवळी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "निवळी? कुणी सांगितली?"

"मीच देते. दोन वर्षं. सुरुवातीला पाय ओढत होती, त्यावर गुण आला."

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. या जनावराच्या अंगात जास्तीचा चुना साठू लागला की तो लघवीवाटे बाहेर पडतो, तोच पांढरा साका. पडता पडता त्याचा खडा होतो. घासातही चुना असतो, त्यात निवळीची भर. आणि पाय ओढत होते ते हाडं कच्ची म्हणून नव्हे. माणसासारखंच या प्राण्यालाही सी जीवनसत्त्व बाहेरून मिळावं लागतं, प्रयोगशाळेत ते कमी पडलं असेल. "हिला पेरू, कोथिंबीर, हिरवी पानं कुणी खाऊ घालत होतं का? त्यानंच ही उभी राहिली."

"विड्याचं पान?" मी विचारलं. "त्यानं झालं असेल का?"

"नुसत्या पानानं काय होणार? तुम्ही काय करता?"

"शाळेत विज्ञान शिकवते."

ते हसले नाहीत. हसले असते तर त्यांच्यावर तरी चिडता आलं असतं. एवढ्या लहान जिवाचं पोट फाडता येत नाही, थोडेच दिवस आहेत, दुखणं कमी व्हायला थेंब लिहून देतो, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

मी घरी गेले नाही. तशीच बसनं ताडकळसला गेले, टोपली मांडीवर घेऊन. मामा अंगणात तूर बडवत होते. टोपली बघून काठी टाकून आले, तिला उचलून धोतराच्या घोळात घेतलं. तिनं त्यांच्या बोटांना नाक लावलं. माझ्याकडे आठ दिवसांत तिनं मान वर केली नव्हती.

"मामा, पानाचं काही नव्हतं. माझ्या निवळीनं झालं."

"व्हय," ते म्हणाले.

"व्हय म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री न्हवती. पर वाटीच्या काठाला चुना धरायचा. पानाला जरा जास्ती चुना लागला तं मानसाची जीभ फाटती, ह्या एवढुशा जिवाचं काय व्हईल? तुमी साळंत गेल्या की मी वाटी मोरीत उपडी करायचो अन् माठातलं पानी भरून ठिवायचो."

"रोज?"

"रोज. दिसायला दोन्ही पान्यासारकंच की."

म्हणजे दिवसभर ती माठातलं पाणी प्यायची, आणि माझी निवळी फक्त रात्रीपुरती. दोन वर्षं तग धरली ती त्यामुळे. आणि मी मामांना हाकलल्यावर तिच्या वाटीत दिवसरात्र माझीच निवळी राहिली, तीही वाढवलेली.

मला त्यांचा राग आला. लाज वाटायला हवी होती, पण आला तो रागच. थोरल्या दिरांच्या अंगणात, जाऊबाईंच्या देखत मी ओरडले, "मग तोंडानं सांगितलं का नाही? एका शब्दानं सांगायचं होतं!"

मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "सांगितलं व्हतं की, सूनबाई. सुरवातीलाच. चुना कशापायी म्हनलं मी. तवा तुमी म्हनल्या, मामा, विज्ञान मी शिकवते का तुमी?"

मला ते आठवलं नाही. आजही आठवत नाही, पुष्कळ आठवून पाहिलं. पण ते सांगत असताना त्यांच्या शब्दांत मला माझाच आवाज ऐकू आला, शाळेतला.

तिला मी तिथंच ठेवलं. थेंब कसे द्यायचे ते दाखवलं, आणि मामांनी ते निमूट शिकून घेतलं. नवव्या दिवशी बसच्या कंडक्टरबरोबर निरोप आला की ती गेली, फार ओरडली नाही.

मामा नंतर आमच्याकडे राहायला आले नाहीत. सणावाराला बोलावलं की यायचे, ओट्यावर बसून चहा घ्यायचे. मी काही विचारलं, अगदी साखर कमी झाली का एवढं जरी, तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मग म्हणायचे, "ब्येस हाय."