सुकरीचं वाचन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला त्यातला एक तुकडा माहीत होता, पण तो कधी त्या विषयावर बोलला नाही, मीही नाही, आणि आता तो नाहीच. मग आजच का सांगते? खरं सांगू – दमले मी. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या वाचनवर्गाचं कौतुक केलं. शाल झाली, नारळ झाला, मग पुन्हा वाचनवर्ग. मी खुर्चीत बसून हसत होते आणि मनात म्हणत होते, आटपा आता, पुरे करा.

तेव्हा जिल्हा फुटला नव्हता, जव्हारही ठाणे जिल्ह्यातच होतं. नव्वदनंतरची ती वर्षं. दाभोशाच्या धबधब्यापलीकडे, नदीच्या उताराला एक पाडा आहे, तिथल्या शाळेवर मी होते. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. राहायला मात्र मी जव्हारला. नवरा तिथे एका कार्यालयात कारकून, मुलगा लहान, सासूबाईंचे गुडघे गेलेले. सकाळी जीपने उतरायचं आणि दुपारी साडेतीनच्या जीपने वर यायचं. त्यानंतर जीप नाही.

शाळा पाचला सुटायची. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं. बघा तुम्हीच.

शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांसाठी जादा तास घ्या, असं वरून सांगितलेलं होतं. मी रोज साडेतीनला निघायचे, आणि मागे उरलेला एकटा शिक्षक चार वर्गांचा जादा तास काय घेणार? म्हणून मी सोपा मार्ग काढला होता. दुपारच्या सुट्टीनंतर सगळ्यांना एकत्र बसवायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पोरांचा आवाज खणखणीत. नदीपलीकडच्या शेतात नाचणी लावणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचा. त्या खूश, मी खूश.

आता ही पोरं घरी बोलायची ती वेगळी बोली. पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यांसारखी – समोर आली की गप्प व्हायची. आणि पुस्तकात काय? बंदर, बोटी, दीपगृह. त्या पोरांनी समुद्र पाहिला नव्हता. तरी ती दीपगृहाचा धडा अशी म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, रोज तिथे दिवा लावायला जातात.

आणि त्यांच्यात सुकरी होती. चौथीतली. हनुवटीवर गोंदण, फ्रॉकची पाठीमागची गुंडी कायम तुटलेली. ती वाचायला उभी राहिली की वर्ग आपोआप शांत व्हायचा. बोट ओळीखालून सरकतंय, आवाज स्वच्छ, स्वल्पविराम आला की नेमका श्वास. मला तिचा अभिमान वाटायचा. वाटायचाच – ते मी नाकारत नाही.

गणपती होऊन गेले होते. सुकरी दीपगृहाचा धडा वाचत होती आणि मी तिच्या मागे उभी होते. तिचं पुस्तक जुनं, थोरल्या भावाचं. फाटलेलं पान कुणीतरी भाताच्या शिताने चिकटवलं होतं, आणि त्या नादात दोन पानं एकमेकांना चिकटली होती. तिने पान उलटलं. समोर आली ती पुढच्या धड्याची कविता. चार-चार ओळींची कडवी, वर फुलपाखराचं चित्र. आणि सुकरी दीपगृहच वाचत राहिली. बोट कवितेवरून फिरतंय, तोंडात दीपगृह. एका शब्दाचीही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला एकटीला बोलावून फळ्यावर ‘बोट’ लिहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आधी म्हणेन म्हणून. ‘घर’ लिहिलं. तेच. तिला अक्षर येत नव्हतं. चार वर्षं तिने सगळी पुस्तकं कानांनी वाचली होती. आणि तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. मग फसवलं कुणी?

मी फळा पुसला. ‘जा, जेव,’ म्हटलं.

करायचं काय ते मला कळत होतं. पहिलीपासून सुरुवात करायची – अक्षरं, काना, मात्रा. रोज पाचपर्यंत थांबलं असतं, शनिवारी थांबलं असतं, तर वर्षभरात पोर वाचायला लागली असती. हुशारच होती ती, भयंकर हुशार. जे तिने पाठ केलं होतं ते मला आजही पाठ होणार नाही. मग का नाही केलं? साडेतीनची जीप. आणि दुसरं कारण मोठं. शाळा तपासायला साहेब येणार होते, आणि माझा जव्हारला बदलीचा अर्ज गेलेला होता.

दिवाळीच्या आधी तिचा बाप, लखमा, शाळेत आला. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जायचा, भिवंडीकडे, वसईकडे. पोरंही जायची. शाळा ओस पडायची आणि आम्ही हजेरी कशी भरायचो ते विचारू नका. लखमा दारात उकिडवा बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

‘बाय, खरा सांगा,’ म्हणाला. ‘पोरीला वाचाय येतं का? येत असल तर ठेवतो तिला काकीकडं. नाय तर भट्टीवर नेतो, धाकल्याला सांभाळल.’

इतका सरळ प्रश्न मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. साहेबांनीसुद्धा नाही. मी काय म्हणायला हवं होतं? की लखमा, नाही येत, चूक माझी आहे, पण तिला ठेव, मी शिकवते. एवढंच. मी म्हटलं, ‘अरे, पूर्ण शाळेत तिच्यासारखं कुणी वाचत नाही.’ बघा, यात खोटं काय आहे? खोटं काहीच नव्हतं, आणि सगळंच होतं. लखमा हसला, कान खाजवला आणि गेला. पोरीला काकीकडे ठेवून भट्टीवर गेला.

थंडीत साहेब आले. मी माझं स्वतःचं पुस्तक, दीपगृहावर उघडून, सुकरीच्या हातात दिलं. चिकटलेलं पान नको होतं मला. ती वाचू लागली. साहेबांनी चष्मा काढला. हिला इथे ठेवू नका बाई, म्हणाले, जव्हारला पाचवीत घाला, वसतिगृहाचं मी बघतो. पुढे मोखाड्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथे मला माझी ‘पद्धत’ सांगायला बोलावलं. मी सांगितली. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. लोकांनी वह्या काढून लिहून घेतलं. त्यांच्यापैकी किती जणांनी आपापल्या पाड्यावर तेच केलं असेल, हा विचार मी करत नाही. म्हणजे करते, पण पूर्ण करत नाही.

जूनमध्ये आम्ही दोघी जव्हारच्या शाळांत आलो. ती वसतिगृहात, मी बदली होऊन गावातल्या शाळेत.

पहिल्याच महिन्यातल्या एका रविवारी ती माझ्या दारात उभी. वसतिगृह आमच्या घरापासून लांब नव्हतं. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, काखेत पाचवीचं पुस्तक. तिला कुणी घर दाखवलं कोण जाणे.

‘बाय, एकदा वाचून दावा ना,’ म्हणाली. ‘एकदा आयकला का मना येल.’

मी ओट्यावर बसून वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिने तो धडा सगळा म्हणून दाखवला आणि खुशीत निघून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मला त्या वेळी अक्षरं काढता आली असती. पाटी घरात होती, मुलाचीच. पण पाटी काढली असती तर तिने विचारलं असतं – हे काय, बाय? हे आधी का नाही? त्या प्रश्नाला मी भ्यायले. अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या प्रश्नाला. म्हणून मी वाचत राहिले आणि ती पाठ करत राहिली.

पाचवीत विषय वाढतात, पुस्तकं जाड होतात, इंग्रजी येतं. सगळं कानांनी किती पेलणार? श्रावण संपेपर्यंत तिचे डोळे खोल गेले. आणि मलाही वैताग यायला लागला. रविवार एकच मिळायचा – धुणं, दळण, सासूबाई. ती आली की माझा आवाज चढायचा. मग एका रविवारनंतर ती यायची थांबली. त्या रविवारचं पुढे सांगते.

दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या शाळेतल्या एक बाई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, तुमचीच ना हो ती? नवीन पान उघडून वाच म्हटलं तर मुकी. पोरी तिला पोपट म्हणायला लागल्या. चौथी पास कशी केलीत? मी भाजी निवडत होते. म्हटलं, ‘खालच्या पाड्यांवरची पोरं, घरी अभ्यास कुठे होतो.’ त्या बाईंनी मान डोलावली. आमच्यात हे वाक्य नेहमीचंच आहे, कुणीही कधीही वापरावं. मी सुकरीसाठी वापरलं. ती बापाबरोबर भट्टीवर गेल्याचं नंतर कळलं.

मी शिकवत राहिले. बऱ्यापैकी शिकवलं, अक्षरापासून शिकवलं. त्याने काही फिटत नाही, उगाच नोंद म्हणून सांगते.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना, जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी, एक बाई मुलीला घेऊन माझ्या टेबलासमोर आली. हाडं वर आलेली, हात विटांनी खरबरीत झालेले. मी नाव लिहून सही कुठे करायची ते दाखवलं, तर तिने अंगठा पुढे केला. हनुवटीवर गोंदण होतं. मी मान वर केली तोवर तिने मला ओळखलं होतं.

‘गो, हीच ती बाय,’ ती मुलीला म्हणाली. ‘हिनंच मना वाचाय शिकवलेला.’

आणि टेबलासमोर उभं राहून तिने मुलीला दीपगृहाचा धडा म्हणून दाखवला. सुरुवातीपासून. स्वल्पविरामाला तोच नेमका श्वास. रांगेतली माणसं बघायला लागली. माझ्या शेजारचे शिक्षक वा वा म्हणाले. तिच्या अंगठ्याला शाई लागलेली होती आणि ती धडा म्हणत होती.

मग ती जवळ आली, हळू आवाजात बोलली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

‘बाय, माजाच डोका कच्चा. तुमी तर शिकवला. त्या आयतवारी तुमी गावाला गेल्या नसत्या तर मी पाचवी काढली असती. मंगं मना लाज वाटली, आलीच नाय.’ मग मुलीला पुढे ढकलून म्हणाली, ‘हिला तुमच्याच हाताखाली घाला.’

मी म्हटलं, ‘घालते.’ ती पाया पडली, मी पडू दिलं.

तर तो रविवार. ती दारात आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिची हाक ओळखली. नवरा उठला, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी हाताने खूण केली – नाही म्हणून सांग. त्याचा यात काही दोष नाही. त्याने बाहेर जाऊन सांगितलं, बाई गावाला गेल्यात. मला वाटलं, जाईल. ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत येतील कदाचित, म्हणून पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिची वाचनाची परीक्षा होती, हे मला माहीत होतं, तिने आदल्या रविवारी सांगितलं होतं. मधेच ती पुस्तक उघडून काहीतरी पुटपुटायची, अडायची, पुन्हा सुरुवात करायची. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. जे नव्हतं ऐकलं ते तिला कुठून येणार?

कुकर चढवलेला होता. शिट्टी व्हायच्या बेतात होती. मी पुढे झाले आणि गॅस बंद केला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.