झावळीची टोपी

सनीव्हेलच्या एका हॉटेलात मी स्वयंपाकी. हवाईला फिरायला निघालो, तर विमानात शेजारी एक धिप्पाड माणूस. डोक्यावर झावळीची विणलेली टोपी. पुढं विमान बदलून, मग बोटीनं तो आईला भेटायला गावी चाललेला. गाव म्हणजे भर समुद्रात पोवळ्याच्या खडकाचं कडं, मधे पाणी, कडेला चार घरं.

बोलायला काही सुचेना, म्हणून म्हटलं, "ब्रदर, टोपी मस्त!"

त्यानं लगेच काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मी येडा, सेल्फी काढत बसलो! मग त्याच्याकडूनच कळलं, त्यांच्याकडं कौतुक केलेली वस्तू देऊनच टाकतात. टोपी आईनं विणलेली, आणि धक्क्यावर ती आधी ह्याचं डोकंच बघणार.

"परत घे ना यार!"

"दिलेलं मागं घेत नाहीत," तो म्हणाला. "बेटावर दिलेली टोपी निदान रोज दिसते. तू तर लांब जाणार."

शाळा न बघितलेल्या माझ्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी पेटलं. "मग आता तू कौतुक कर की!"

तो पोट धरून हसला. "ब्रदर, टोपी मस्त!"

मी ताबडतोब दिली आणि खुशीत लाडवांचा डबा उघडला. त्यानं वाकून बघितलं. "हे पण फार सुंदर आहेत."

गेला डबा. नंतर विमानात बिस्किटं मिळाली, ती मी खिडकीकडं तोंड करून खाल्ली.