खिडकीत ठोकलेली गल्ली

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षरं मोत्यासारखी, पण माणूस काढायला सांगितला की बटाटा काढायचा. युद्धात आमच्या माडीसमोरची गल्ली बॉम्बनं भुईसपाट झाली, तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला कळू नये म्हणून मामानं ती गल्ली आठवून आठवून फळीवर रंगवली आणि फळी खिडकीच्या चौकटीत ठोकून दिली. घरं, दारं, पाट्या, सगळं जिथल्या तिथे. माणूस मात्र एकही नाही.

मला हा खोटेपणा मुळीच पटला नव्हता. आजीला दिसायचं कमी, म्हणून काय ती दूधखुळी होती?

पण ती रोज सकाळी खूश. "शिंपीणबाई आज उशिरा उठल्या गं," म्हणायची. "घड्याळवाल्याची पोरं बघ कशी भांडतायत." ती सगळी माणसं घरांसकट ढिगाऱ्याखाली गेली होती. आम्ही मुकाट्यानं होला हो करायचो.

एका सकाळी मामा तिच्या उशाशी ब्रश पुसत उभा होता. आजीनं खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"अरे, तू तर इथे आहेस," ती म्हणाली. "मग खाली घड्याळवाल्याशी बोलत उभा आहे, तो कोण?"