एकशे सत्त्याऐंशी फूट तंगूस

अर्व्हिड नीमीच्या घरात एकदा आलेली वस्तू मरेपर्यंत राबायची. मोडलेल्या गळकाठ्या टोमॅटोच्या रोपांना टेकू म्हणून उभ्या असत. गळ काढून टाकलेले लाकडी मासे पडद्यांच्या दोऱ्यांना लोंबत. शिशाचे मणी त्याने पडद्यांच्या दुमडीत शिवले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. यातलं निम्मं सामान ऑनलाइन घेतलेलं, कुणाचं तरी वापरलेलं. फोटोत झकास दिसायचं आणि खोक्यातून निघताना रडकं. तो दोन दिवस विकणाऱ्याला शिव्या घालायचा, तिसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी भलतंच करायला बसायचा.

मी त्याची शेजारीण, बर्निस. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड वाईट. मी त्याला म्हणायचे, "अर्व्हिड, मरताना तुझ्या हाडांचं काय करायचं तेही सांगून जा हो."

"तुझ्या फाटकाची कडी मोडलीय ना? तिला एक बरगडी लाव," तो म्हणायचा.

यावर त्याची बायको लव्हर्न पोट धरून हसायची. तो खाणीत कामाला होता आणि ती तळ्याच्या वळणावर आमिषाचं दुकान चालवायची. एकतीस वर्षं तिने गांडुळं विकली, गळ बांधून दिले. गळाचा नायलॉनचा तंगूस दातांनी तोडून तोडून तिच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. गाठ मारायला मला तिनेच शिकवलं. पाच वेढे, मग थुंकी, मग ओढायचं. कोरडी ओढली तर ती गाठीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत बसायची, पुन्हा कर म्हणून. एरवी बाई मवाळ, पण काठावर कुणी सुटा तंगूस टाकलेला दिसला की गिऱ्हाइकाचा बाप काढायची. एका पाणपक्ष्याच्या पायात तो अडकून पक्षी मेलेला तिने पाहिला होता. "गुंडाळून घरी न्या, नाही जमलं तर झाडाला बांधून ठेवा, मी येऊन नेईन," असं ती सगळ्यांना सांगे. माझ्या बसमधल्या पोरांनासुद्धा ते पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी नावं, मग स्वयंपाक, मग अर्व्हिड. पाय मात्र पोरीसारखे चालत. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ती दार उघडून निघाली की हा काठी शोधेपर्यंत अंगणाच्या बाहेर. नोव्हेंबरात ती हमरस्त्यापर्यंत गेली, घरातल्या सपाता घालून. एका ट्रकवाल्याने आणून सोडली. त्यांची मुलगी कॅरल दुसऱ्याच दिवशी ग्रीन बे शहरातून आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलली.

"बाबा, पुन्हा असं झालं तर आईला संस्थेत ठेवायची. मी जागा बघून ठेवलीय."

"तिथून तळं दिसतं का?"

"बाबा, तिला आता तळं कळत तरी का?"

कॅरल वाईट नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, फक्त जरा बसून.

जानेवारीत ते रीळ आलं. खोल पाण्यातल्या ट्राउट माशांसाठी नावेच्या कडेला लावतात तसलं, वर किती फूट तंगूस बाहेर गेला ते दाखवणारे छोटे आकडे. उन्हाळ्यात लव्हर्नला नावेतून न्यायचं त्याच्या मनात होतं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आलं होतं. माशाच्या ओढीला हळूहळू सैल सोडणारा ब्रेक गंजून बसलेला. हँडल दुखऱ्या दातासारखं हलत होतं. परत घेणार नाही, असं विकणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं.

"चांगलं काय आहे मग यात?" मी विचारलं.

"आकडे चालतात. आणि कटकट होते." त्याने कळ सरकवून चकती फिरवली. मासा तंगूस ओढायला लागला की नावाड्याला कळावं म्हणून असतो तसा कटकट आवाज झाला. शेजारच्या खोलीत लव्हर्न उठून दारात आली. तिला तो आवाज ओळखीचा होता.

मला वाटतं त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ते आलं.

त्याने रीळ पडवीतल्या बाकाला पक्कं ठोकलं. त्यावरच्या दोऱ्याचं टोक एका बारीक कडीला बांधलं आणि ती कडी लव्हर्नच्या कोटाच्या पट्ट्याला, मागे, जिथे तिचा हात पोचत नव्हता तिथे अडकवली. ती निघाली की रीळ कटकटायचं. आकडे बघून ती कुठे आहे ते त्याला बसल्या जागी कळायचं. बत्तीस म्हणजे स्वयंपाकघर. साठच्या आसपास जळणाची खोपी, तिच्यामुळे पडवीतून पुढचं काही दिसत नसे. एकशे सत्त्याऐंशी म्हणजे तळ्याच्या काठावरचं बर्चचं झाड. तिथे तो चकतीवर अंगठा ठेवायचा. पाठीला हलका ताण लागला की ती थांबायची, बर्चला हात लावून गोठलेल्या तळ्याकडे बघत उभी राहायची, आणि मन भरलं की आपणहून परतायची. ती येत असताना तो ओला दोरा गुंडाळत बसायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भडकले. "बायकोला कुत्र्यासारखी बांधलीस?"

"कुत्र्याचा दोर सहा फूट असतो," तो म्हणाला. "तिकडे संस्थेत दाराला कुलूप असतं. तू सांग, तुला काय आवडेल?"

मग मी निदान एका गोष्टीत तरी माझं खरं करायचं म्हणून रिळावर काय गुंडाळलंय ते बघितलं. त्याने विणीचा दोरा घातला होता, तो कात्रीशिवाय तुटत नाही. मी म्हटलं, "हा काढ. कुठे पायात अडकला तर कापत जाईल तिला. साधा तंगूस घाल, वेळ आली तर निदान तुटेल तरी." त्याने माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि काढला. नवा तंगूस मीच आणून दिला.

दहा आठवडे छान गेले. लव्हर्नच्या गालांना रंग आला. ती जेवायला लागली. कॅरल रविवारी बघायला येणार होती, आणि हे पाहून ती संस्थेचं नाव सोडेल अशी अर्व्हिडला खात्री होती. मलाही होती.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मी मांसाच्या दोन करंज्या घेऊन गेले. एप्रिलचा पहिला आठवडा. तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या केव्हाच हलवल्या होत्या, बर्फ करडा आणि कच्चा पडला होता. अर्व्हिड बाकावर बसला होता, अंगठा चकतीवर.

"उभी आहे," तो म्हणाला आणि आकड्यांकडे हनुवटी केली. एकशे सत्त्याऐंशी. तंगूस ताठ, दारातून खोपीला वळसा घालून गेलेला.

मी कॉफी ओतली. आम्ही करंज्या खाल्ल्या. कॅरलला आधी कॉफी द्यायची की आधी रीळ दाखवायचं, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं आधी कॉफी, पोटात काही गेलं की माणूस मऊ होतो. तो म्हणाला, आधी तिला आईच्या मागे बर्चपर्यंत चालत जाऊ दे. मधेच त्याने तंगूस दोन बोटांनी हलकेच ओढून पाहिला. रोजच्यासारखाच ताण लागला.

"आज फार वेळ उभी आहे," मी म्हटलं.

"पाणी सुटायला आलंय ना. तिला वास येतो." तो हसला. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असं हसताना बघत होते, म्हणून आणखी एक कप घेतला.

घरी जाताना सहज खोपीच्या पलीकडे वळले, तिला हाक मारावी म्हणून. बर्चपाशी कोणी नव्हतं.

तंगूस बर्चच्या फांदीला बांधलेला होता. पाच वेढे, नीट बसलेली गाठ, शेंडी दातांनी अगदी जवळून तोडलेली. सुटं टोक कुठेही नाही. तो ताठ राहील इतपत ओढून बांधला होता. पुढे बर्फावर तिच्या बुटांचे ठसे सरळ गेले होते, साधारण चाळीस पावलं. तिथे पाणी दिसत होतं.

मी किंचाळले की नाही ते मला आठवत नाही. अर्व्हिड काठीशिवाय आला, दोनदा पडत आला. मी त्याला काठावर धरून ठेवलं. तो माझ्यापेक्षा वजनदार, पण त्या दिवशी मला धरता आला. अग्निशमनवाले आडव्या शिड्या टाकत पुढे गेले. अंधार पडायच्या आत त्यांनी तिला बाहेर काढलं. कोटाच्या पट्ट्याला कडी तशीच होती, तिला बोटभर तंगूस. पट्टा फिरून पुढे आला होता.

नवऱ्याचं नाव गेलं, मुलीचं तोंड विसरली, आणि तंगूस कुठे सुटा टाकायचा नाही ते मात्र हातांना आठवलं. यावर देवाशी माझं भांडण आहे आणि ते मिटणार नाही.

गर्दी पांगल्यावर अर्व्हिडने ती गाठ अंगठ्याने चाचपली. "ओली करून ओढलीय," तो म्हणाला. मग बर्चला टेकून खाली बसला. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. मी पाव कापायला उभी होते. कॅरल तिथे आली, डोळे सुजलेले, आणि बापासमोर उभी राहिली.

"पोलीस म्हणाले, विणीचा दोरा असता तर तिला दातांनी तोडता आला नसता. तुम्हाला हे माहीत नव्हतं का? सगळं आयुष्य तुम्ही दोघांनी याच्यात काढलंत."

"माहीत होतं."

"मग साधा तंगूस घालायला कुणी सांगितलं?"

सुरी माझ्या हातात थांबली. अर्व्हिडने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी नाही," तो म्हणाला. "घरात होता, तोच घातला. तुला माहीत आहे ना मी कसा आहे."

कॅरलने मान हलवली आणि ती रडायला लागली. तिला ते पटलं होतं, कारण तो तसाच होता. आता तोंड उघडायचं, असं मी मनाशी म्हटलं. सव्वीस वर्षं पन्नास पोरांवर ओरडलेली बाई मी. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मी पाव कापत राहिले.