हळदीच्या आधीचे तीन दिवस

माझ्या धाकट्या बहिणीचे केस कुरळे आहेत. थोडेथोडके नव्हेत, कंगव्याचे दात मोडतील असे. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात शाळेतल्या पोरी तिला 'घरटं' म्हणायच्या, आणि ती त्यांच्या वेण्या ओढून घरी यायची.

तिचं लग्न लातूरला ठरलं. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले तेव्हा सासरकडच्या कुणा बाईनं खाली लिहिलं, "लग्नात केस जरा सरळ करून घ्या, फोटो छान येतील." त्या एका ओळीनं काम केलं. लग्न रविवारी होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी मला नांदेडला तिचा फोन आला.

"आक्का, मी स्मूदनिंग करून घेऊन राहिले. पार्लर बघितलंय, ब्राइडल पॅकेजमधीच हाय. बुधवारी दाखवायला जायचं, गुरुवारी करायचं. तू निस्ती सोबत ये."

तिनं विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, आता नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते. का सांगू नये? घरात जे काही छापील येतं ते आधी माझ्यापुढे येतं. वडील केळीच्या फवारणीची बाटली आणतात, आई गोळ्यांची पट्टी आणते, शेजारची काकू नातवाच्या खोकल्याचं औषध आणते. मी मागची बारीक अक्षरं वाचते आणि काय करायचं, काय नाही ते सांगते. लहानपणापासूनची ही माझी जागा आहे आणि ती मला आवडते.

बुधवारी ती नांदेडला आली आणि आम्ही त्या पार्लरात गेलो. काचेचं दार, एसी, आरसेच आरसे, आणि खिडकी एकही नाही. खुर्चीवर एक बाई बसली होती आणि तिच्या केसांवरून गरम इस्त्री फिरत होती. इस्त्रीखालून धूर निघत होता. दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरले, घसा खवखवला. हा वास मला पाठ होता. आमच्या प्रयोगशाळेला लागून प्राणिशास्त्राची खोली आहे. तिथे बरण्यांत फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यात बेडूक आणि साप ठेवलेले असतात, त्या बरणीचं झाकण उघडलं की असंच होतं.

"बाटली दाखवा जरा," मी म्हटलं.

काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, बाहेरचा माल आहे. फॉर्मल्डिहाइड-फ्री."

पुढे तसं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतंही. मी बाटली उलटी केली. मागे तेच दुसऱ्या नावानं बसलेलं. पाण्यात मुरवलेला तोच वायू, इस्त्री लागली की सुटणारा. इस्त्री फिरवणाऱ्या मुलीनं तोंडाला ओढणी बांधली होती, डोळे लाल होते. तिला विचारलं, त्रास होत नाही का? ती म्हणाली, "सवय झाली ताई." मी तिला निदान दार उघडं ठेवायला सांगितलं. काउंटरवरची म्हणाली, एसी जातो. मी बहिणीचा हात धरला आणि बाहेर आले.

रस्त्यावरच आमचं भांडण झालं.

"तुला नोकरी लागली तवा तू केलतीस की! तवा वास न्हाई आला?"

"आला होता."

"मग? तुला चालतंय अन् मला न्हाई?"

मग मला ते सांगावं लागलं, जे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या पगाराच्या महिन्यात मी स्मूदनिंग करून घेतलं ते सगळ्यांना दिसलं होतं; ते कुठल्यातरी स्वस्त ठिकाणी, बाटली न बघता केलं होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. टाळूला फोड आले होते. पंधरा दिवस कंगवा लावता येत नव्हता. दुसऱ्यांच्या बाटल्या वाचणारी मी, आरशासमोर बसले तेव्हा माझी डिग्री बाहेर चपलांजवळ ठेवून आले होते.

तिनं माझ्या टाळूकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. पण मला करायचंच हाय. चांगलं कुठं करतेत ते तू सांग, हुशार हायस तर."

हे बरोबर होतं. नुसतं 'करू नको' म्हणणं सोपं असतं, आणि त्यासाठी शिकावं लागत नाही.

कॉलेजातल्या एका मॅडमनी मला पूर्वी एक पार्लर सांगितलं होतं. गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, दोन्हीकडे खिडक्या, वर गरगरणारा पंखा. चालवणारी बाई हदगावकडची, पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिनं केसांना हात लावण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी काही केलंय? रंग लावलाय? डोक्यात जखम, खाज? दम्याचा त्रास? दिवस गेलेत का?

"लग्न रविवारी हाय, मावशी," बहीण लाजून म्हणाली.

"लग्नाचं न्हाई विचारलं, दुसरंच विचारलं. सांग."

"न्हाई. कायबी न्हाई."

त्या मावशींकडे वेगळं क्रीम होतं. त्यांनी मला समजावलं आणि मी मान डोलवली, कारण ते पुस्तकातल्यासारखंच होतं. केस आतून सैल करायचा, सरळ बसवायचा, मग दुसऱ्या औषधानं तसाच पक्का करायचा. वास याचाही असतो, पण डोळे जाळणारा नाही. जोखीम केसाला. आधीच कमजोर असलेला केस सैल केला तर पुन्हा बांधला जात नाही.

"म्हणून आधी एका बटेवर करून बघते. इथं, मानेमागं, कुणाला दिसत न्हाई."

"सगळंच करून टाका की एकदाच," बहीण म्हणाली.

"अन् नवरीचे केस गेले तर? या गल्लीत राहू का मी मग?"

त्यांनी एक बारीक बट घेतली, क्रीम लावलं, घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी बट धुतली आणि दोन बोटांत धरून हलकेच ओढली. ती रबरासारखी लांबली आणि तुटली. रंगही बदलला होता, काळ्यावर हिरवट झाक आलेली.

मावशींनी ती तुटलेली बट बहिणीच्या तळहातावर ठेवली. "मेंदी लावती ना गं? काळी?"

बहीण माझ्याकडे बघायला लागली. "मेंदी म्हंजे पालाच की. ते कुठं औषध हाय?"

ती खोटं बोलली नव्हती. आमच्या घरी पंधरा दिवसांनी काळी मेंदी कालवली जाते, आईच्या पांढऱ्या केसांसाठी. वाटी आईपुरती असते, पण नेहमी थोडी उरते. उरलेली टाकायची कशी? मग ती बहिणीच्या डोक्यावर जाते. तिला एक पांढरा केस नाही. पाच-सहा वर्षं ती आईची उरलेली मेंदी लावत होती, वाया जाऊ नये म्हणून. मी शिकायला नांदेडला आले म्हणून माझं डोकं त्यातून सुटलं. त्या पुडीत पानं कमी आणि रसायन जास्त असतं, हे मी पुडी बघितली असती तर एका मिनिटात सांगितलं असतं. पण तिच्यावर 'मेंदी' लिहिलेलं, हाताचं चित्र काढलेलं. घरातलं सगळं वाचणाऱ्या मला ती एक पुडी वाचावीशी कधी वाटली नाही.

"माझ्याकडं हे होणार न्हाई," मावशी म्हणाल्या. "मेंदी लागलेले केस कापून जाऊ दे. मग ये. आत्ता केलंस तर मांडवात टोपी घालून बसशील."

गावाकडच्या बसमध्ये बहीण ती तुटलेली बट मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहिली. घराच्या दारात म्हणाली, "त्या काचेच्यात कायबी न विचारता करतेत. मी उद्या एकटी जाते."

आई अंगणात हळदीसाठी गहू निवडत होती. आई शाळेत गेलेली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते केल्यावर पाणी कधी लावायचं?"

"तीन दिवस लावायचं न्हाई. बांधायचे बी न्हाईत, पिना बी न्हाईत."

"शनवारी हळद हाय."

"मग?"

"मग पाच जणी तेल-हळद लावून डोक्यावरून पाणी घालतेत ते काय छत्री धरून घालायचं का?"

मी तिथेच खाटेवर बसून हसत सुटले. बाटली वाचली, क्रीम कळलं, बट तपासली, आणि गुरुवार-शुक्रवार-शनिवार मोजायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या पार्लरच्या ब्राइडल पॅकेजात तर हळदीचा मेकअपही होता. त्यांच्याही नाही आलं. आईला आलं, कारण पाणी तापवायचं तिला होतं.

बहीण हसली नाही. आत जाऊन कडी लावून बसली. आई मला खुणेनं म्हणाली, जाऊ नको. मी गेले नाही. तिच्या केसांवर लहानपणापासून प्रत्येकानं काहीतरी बोलून घेतलं होतं. त्यात आता मीही होते, आणि मी तर बरोबर होते, म्हणजे जास्तच त्रासाची.

जेवायच्या वेळी ती बाहेर आली. ती तुटलेली बट अजून तिच्या मुठीत होती.

"न्हाई करत," ती म्हणाली. "पण लग्नानंतर करणार. केस माझे हायेत. आक्का, तवा तू आडवं यायचं न्हाई."

"नाही येणार."

"अन् आये, तुझी मेंदी तू लाव. उरली तर म्हशीला लाव."

शनिवारी पाच जणींनी तिला भरपूर तेल-हळद लावली, डोक्यावरून तांब्यावर तांबे ओतले. रविवारी ती कुरळ्या केसांनी मांडवात उभी राहिली. फोटोंखाली त्या बाईनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. बहिणीनं तो ग्रुप उघडलाच नाही.

लातूरला गेल्यावर ती दर दोन-तीन महिन्यांनी खालची टोकं कापत राहिली. दीड वर्षात मेंदीचा केस संपला आणि मानेपर्यंत नवे, दाट, चमकदार कुरळे आले. मला ते इतके सुंदर वाटले की 'आता कशाला सरळ करतेस' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. कबूल केलं होतं.

तिनं मला लातूरला बोलावून घेतलं. पार्लर तिनंच शोधलं होतं, दोन बघून सोडल्यावर. आम्ही आत गेलो तर तिथल्या बाईनं माझा चष्मा, माझी पर्स बघून प्रश्न मला विचारायला सुरुवात केली. "यांनी आधी काही ट्रीटमेंट घेतलीय का, मॅडम?"

"तिला विचारा," मी म्हटलं.

बहीण खुर्चीत सरळ बसली. "दीड वर्ष मेंदी न्हाई, रंग न्हाई. डोक्यात जखम न्हाई, दमा न्हाई. दिवस बी गेले न्हाईत, तपासून आले. तुमची बाटली द्या इकडं, मागची बाजू वाचायची. अन् ती खिडकी उघडा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्का, तू तिकडं बाकड्यावर बस. तुझं तोंड बघून ह्या बाई घाबरून राहिल्या."

मी बाकड्यावर बसले. तिनं बाटली वाचली. अक्षरं लावत, बोट फिरवत, हळू, पण पूर्ण. मधे एका शब्दावर अडली आणि तो फोनमध्ये शोधला, मला विचारला नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत कुठे जाणं, कसली पूजा, कसलं न्हाणं आहे ते बोटांवर मोजलं. नवीन केस मुळातून कुरळेच येणार हे बाईंनी सांगितलं तेव्हा म्हणाली, "येऊ द्या. तवाचं तवा बघू."

मानेमागची बट धुऊन झाली. बाईंनी ओढली, मग बहिणीनं स्वतः घेऊन ओढली. तुटली नाही. तिनं ती आरशासमोर धरली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.

"करा," ती म्हणाली.