एकच रेघ

तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नाही. सगळे तिला ‘दुबार’ म्हणतात. काच कापायची हिरकणी पट्टीला लावून एकदाच ओढायची असते. तीच रेघ पुन्हा गिरवली, की काच वाटेल तिथे तडकते. आणि हिचा पहिल्या रेघेवर कधी विश्वासच बसला नाही. म्हणून आरशांच्या त्या दुकानात ती मापं घ्यायची, गिऱ्हाइकं सांभाळायची, फ्रेमा ठोकायची. कापायची तिची धाकटी बहीण.

हिनेच बोट धरून आणलेली धाकटी! आता लोक दारातूनच विचारायचे, “त्या कापणाऱ्या बाई आहेत का?” दुबार गोड हसायची. आतून मात्र मिरच्या झोंबायच्या.

मालक दुसरं दुकान काढणार होते. “तिथे एकटीने सगळं बघावं लागेल, कापणंसुद्धा. हे दोन आरसे. एकेक कापा, मग ठरवतो.”

दुबारला ते दुकान हवंच होतं. निदान धाकटीला मिळायला नको होतं.

आधी धाकटी. कर्र... टक्! लोणी कापावं तसं.

“झालं का बाई तुमचं?” दुबार पुटपुटली. नजर मात्र बहिणीच्या हातांवर. जळणाऱ्याला फार बारीक दिसतं. धाकटीने हात झटकन ॲप्रनच्या खिशात घातले.

“काय लपवतेस गं?”

“कुठे काय?”

“दाखव बघू!”

हात लटलट थरथरत होते.

“रोजचंच आहे, ताई. रेघ ओढून झाली की होतं असं.”

“आणि मला कधी बोलली नाहीस!”

“तू विचारलंस कधी? नुसती डोळे वटारून बघतेस.”

दुबारच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिची भीतीसुद्धा शहाणी! काम होईपर्यंत दाराबाहेर थांबते. आणि आपली मेली आधीच येऊन पाय पसरून बसते!

“कापतेस, की उचलून ठेवू?” मालकांनी विचारलं.

तिने पट्टी दाबली, हिरकणी ओढली. रेघ मध्येच फिकी वाटली. हात सवयीने मागे वळला. समोर धाकटी निवांत उभी होती. ताई आता गिरवणार, हे तिला ठाऊकच होतं. ते निवांतपण दुबारला सोसेना. तिने हिरकणी धाकटीच्या खिशात कोंबली. “धर तुझी!”

आणि काच टेबलाच्या कडेवर दाबली.

टक्.

एका कोपऱ्याची कपची उडाली होती. बाकी कड सरळ. मग तिचे हात थरथरू लागले. तिने ते खुशाल टेबलावर ठेवले.

“तुझं घोडं एवढ्यापाशीच अडलं होतं,” मालक म्हणाले. “सोमवारपासून तिकडचं तू बघ. ही मला इथे लागेल.”

धाकटीचं तोंड कारल्यासारखं झालं. “कोपरा उडालाय तिचा.”

“फ्रेममध्ये झाकला जातो तेवढा,” दुबार म्हणाली.

घरी जाताना वळणावर दुबारला राहवलं नाही.

“ही मला लागेल, म्हणजे काय गं? माझ्यावाचून चालतं वाटतं त्यांचं?”

“तू गप्प बस,” धाकटी म्हणाली. “आज जळायची पाळी माझी आहे.”